शितावरून हिमाची परीक्षा

काश्मीरमध्ये गुलमर्गच्या वर अफरवट नावाचा पर्वत आहे. गुलमर्ग समुद्रसपाटीपासून सुमारे २,६५० मीटर उंचीवर. तिथून निघणारी केबलकार दोन टप्प्यांत अफरवटच्या खांद्यापर्यंत, म्हणजे चार हजार मीटरच्या जरा खालीपर्यंत पोचवते. हिवाळ्यात तिथे स्की करायला जगभरातून लोक येतात. केबलकारच्या आसपासच्या पट्ट्यावर बचावपथकाची देखरेख असते. त्याच्या पलीकडे मात्र मोकळा पहाड आहे. तिथे जायचं की नाही हे ज्याचं त्यानं ठरवायचं.

समजा, दोन दिवस सारखं हिम पडलं. तिसऱ्या दिवशी सकाळी आकाश निळंशार, वारा थांबलेला, समोरचा उतार पांढराशुभ्र आणि गुळगुळीत. मागच्या आठवड्यात याच उतारावरून काही जण सुखरूप खाली गेले होते, असं कळलेलं. आज जावं का?

१ फेब्रुवारी २०२३ रोजी अफरवटच्या उतारांवर झालेल्या हिमस्खलनात पोलंडचे दोन स्कीपटू मरण पावले. पुढच्याच वर्षी, २२ फेब्रुवारी २०२४ रोजी, त्याच परिसरात एका रशियन स्कीपटूचा मृत्यू झाला. तेव्हा हा प्रश्न नुसता गृहपाठाचा नाही.

‘आपल्याकडे कुठं हिम पडतं?’ असं वाचकांना वाटेल. खरं आहे. पण महाराष्ट्रातून दरवर्षी कितीतरी मुलं-मुली हिमालयात पदभ्रमणाला, मनाली-उत्तरकाशीला गिर्यारोहण शिकायला जातात. आपल्या गावांतले जवान सियाचीनमध्ये, काश्मीरमध्ये पहारा देतात. ४ ऑक्टोबर २०२२ रोजी उत्तराखंडातल्या द्रौपदी का डांडा या शिखराजवळ गिर्यारोहण शिकणाऱ्यांची तुकडी हिमस्खलनात सापडली. २७ मृतदेह मिळाले, दोघांचा पत्ता लागला नाही. बहुतेक सगळे तरुण होते. आणखी एक कारण आहे. अपुऱ्या पुराव्यावरून निर्णय कसा घ्यायचा, आणि ‘काही झालं नाही’ याचा अर्थ काय लावायचा, हे शिकवायला याच्याइतकं चांगलं उदाहरण आम्हाला तरी दुसरं सापडलं नाही.

सुरुवातीला एका शब्दाविषयी. आकाशातून भुरभुरत पडतं तेही आपण बर्फ म्हणतो आणि रसवंतीगृहातल्या लादीलाही बर्फच म्हणतो. या लेखात पडणाऱ्या भुसभुशीत पदार्थाला ‘हिम’ म्हणू आणि घट्ट गोठलेल्या पाण्याला ‘बर्फ’. फरक मोठा आहे. एक घनमीटर बर्फाचं वस्तुमान ९०० किलोग्रॅमच्या पुढे असतं, तर ताज्या हिमाचं साधारण ५० ते १०० किलोग्रॅम. म्हणजे ताज्या हिमात बहुतेक जागा हवेनंच व्यापलेली असते.

भुरभुर आणि लादी

हिम दोन तऱ्हांनी घसरतं. पहिल्या तऱ्हेत एका ठिकाणाहून थोडंसं सैल हिम सुटतं, खाली जाताना शेजारचं हिम सोबत घेतं आणि उलट्या ‘व्ही’च्या आकारात पसरत जातं. वाळूच्या ढिगावर टिचकी मारली की जे होतं तेच हे. यात सापडलेला माणूस बहुतेकदा वाचतो, कारण घसरण त्याच्या पायापासून सुरू होऊन खाली जाते.

दुसरी तऱ्हा जास्त घातक. यात उतारावरचा हिमाचा एक अख्खा थर एखाद्या मोठ्या फरशीसारखा आडवा तुटतो आणि सगळाच्या सगळा एकदम निसटतो. आपण याला ‘लादी’ म्हणू. माणूस त्या लादीच्या मधोमध उभा असतो. तडा त्याच्या पायाखाली नसतो, तर कित्येक मीटर वर, त्याच्या डोक्याच्याही वर असतो. लादीचे तुकडे होतात आणि काही सेकंदांत ते ताशी १०० किलोमीटरच्या पुढचा वेग घेतात.

वजनाचा अंदाज करून पाहू. समजा लादी ५० सेंटिमीटर जाड आहे आणि तिची घनता घनमीटरला २०० किलोग्रॅम. म्हणजे दर चौरसमीटरवर १०० किलोग्रॅम हिम. अशी लादी ५० मीटर लांब आणि ३० मीटर रुंद असेल, तर क्षेत्रफळ १,५०० चौरसमीटर आणि एकूण वस्तुमान दीड लाख किलोग्रॅम, म्हणजे १५० टन. साधारण पंधरा भरलेले ट्रक. आणि उताराच्या मानानं ही लादी काही फार मोठी नव्हे.

एवढी लादी इतका वेळ कशाच्या आधारानं उभी होती? आणि एकाएकी का सुटली? याचं उत्तर लादीच्या खाली असतं, तिच्यात नव्हे.

करून पाहा

एक फळी घ्या, साधारण दोन फूट लांब आणि एक फूट रुंद. तिच्यावर गोणपाट ताणून खिळे मारा. फळी आडवी ठेवून चाळणीनं मैद्याचा एक सेंटिमीटर जाडीचा थर पसरा आणि वहीच्या पुठ्ठ्यानं हलकेच दाबा. त्यावर साखरेचा अर्धा सेंटिमीटर थर द्या. साखरेवर पुन्हा मैद्याचा दोन सेंटिमीटरचा थर चाळा आणि तोही अगदी हलक्या हातानं दाबा. दुसऱ्या फळीवर मधला साखरेचा थर सोडून बाकी सगळं तसंच करा. (जुनं, किडे झालेलं पीठ चालेल. चांगलं पीठ वाया घालवू नका.)

फळीच्या कडेला एक कोनमापक उलटा चिकटवून मध्यावरून दोऱ्याला नट बांधून ओळंबा सोडा. आता फळीचं एक टोक हळूहळू उचला आणि कोन वाचत जा. दोन्ही फळ्यांवर काय फरक दिसतो?

आम्ही हा प्रयोग आठवीच्या मुलांबरोबर केला. साखर नसलेल्या फळीवरचा मैदा बराच वेळ चिकटून राहिला आणि पुढे ढेकळाढेकळांनी पडला. साखरेच्या फळीवर मात्र वरच्या बाजूला आडवी, जवळपास सरळ भेग गेली आणि वरचा मैदा अखंड तुकड्यानं खाली आला. ‘बाई, लादी!’ असं दोघी-तिघी एकदम ओरडल्या.

मग आम्ही वेगळं काही केलं. साखरेची फळी पुन्हा तयार केली, ती आपोआप घसरते त्याच्यापेक्षा थोड्या कमी कोनावर थांबवली आणि मुलांना एकेक करून वरून बोटानं टिचकी मारायला सांगितलं. पहिल्या चौघांच्या टिचकीनं काहीच झालं नाही. पाचवा म्हणाला, ‘आता नाही घसरत हे.’ त्याच्याच टिचकीनं घसरलं. पुन्हा तयार केली तेव्हा पहिल्याच टिचकीला घसरलं. तिसऱ्यांदा दहा जणांच्या टिचक्या झाल्या तरी हललं नाही. या गोष्टीकडे आपण शेवटी परत येऊ.

साखर येते कुठून?

मूठभर पीठ दाबलं तर त्याचा मुटका होतो. साखरेचा होत नाही. तिचे दाणे एकेकटे कठीण असतात, पण एकमेकांना धरत नाहीत. हिमातही असे न चिकटणारे दाणे तयार होतात. इंग्रजी बोलणारे गिर्यारोहकही त्याला साखरहिम म्हणतात.

आकाशातून तर चांदण्यांसारखे, पिसांसारखे स्फटिक पडतात. मग साखर कशी होते? जमिनीवर पडलेलं हिम स्थिर राहत नाही. त्यात सतत बदल चालू असतात. जमिनीलगत हिमाचं तापमान साधारण शून्य अंश सेल्सिअसच्या आसपास राहतं, कारण वरचं हिम गोधडीसारखं काम करतं. वरचा पृष्ठभाग मात्र निरभ्र रात्री खूप थंड होतो. खाली उबदार, वर गार. दाण्यांमधल्या हवेत खालच्या बाजूला बाष्प जास्त, वरच्या बाजूला कमी. म्हणून बाष्प वर सरकतं. खालच्या दाण्यांचं संप्लवन होतं, म्हणजे ते पाणी न होता थेट बाष्प होतात आणि ते बाष्प वरच्या गार दाण्यांवर पुन्हा गोठतं.

हा प्रवास सावकाश चालला तर दाणे गोल होतात, एकमेकांना चिकटतात आणि हिम मजबूत होतं. घाईनं चालला तर दाणे मोठे, कोनदार, सुटे होतात. हिमतज्ज्ञांचा ढोबळ नियम असा : दर मीटरला १० अंशांपेक्षा जास्त फरक असेल तर साखर होऊ लागते.

हा नियम वापरून एक गणित सोडवायला मुलांना द्या. पृष्ठभागाचं तापमान उणे १५ अंश आणि तळाशी शून्य. हिम तीन मीटर जाड असेल तर मीटरला ५ अंशांचा फरक. हिम एकच मीटर असेल तर १५ अंशांचा. म्हणजे साखर कुठे होणार? जिथे हिम कमी आहे तिथे! हे आपल्या समजुतीच्या अगदी उलट आहे. ‘यंदा हिम कमी पडलंय, म्हणजे धोका कमी’ असं म्हणणारा माणूस इथेच फसतो. हिवाळ्याच्या सुरुवातीला थोडं हिम, मग दोन-तीन आठवडे कोरडी थंडी आणि त्यानंतर जोराचा हिमपात, हा क्रम सर्वांत वाईट. आधी साखर पसरली, मग तिच्यावर लादी.

म्हणूनच हिमालयातही सगळीकडे हिम सारखं नसतं. पीर पंजाल रांगेत पश्चिमी विक्षोभ भूमध्य समुद्राच्या बाजूनं येतात आणि थोड्या वेळात भरपूर हिम टाकतात. तिथे ताज्या हिमाच्या भारानंच बरीच स्खलनं होतात. फेब्रुवारी २००५ मध्ये दक्षिण काश्मीरमधल्या वलटेंगू नार या वस्तीवर अशाच मोठ्या हिमपातानंतर हिम कोसळलं आणि त्यात दीडशेहून अधिक माणसं गेली. काराकोरममध्ये आणि त्याच्या आसपासच्या उंच प्रदेशात थंडी कडाक्याची, हवा कोरडी आणि ठिकठिकाणी हिम पातळ. तिथे तळातली साखर आठवडेच्या आठवडे टिकते.

कच्चा थर तयार होण्याची दुसरी रीत आपल्याला ओळखीची वाटेल. थंडीच्या दिवसांत पहाटे गवतावर दव पडतं. शून्याखाली तेच दव पिसांसारख्या स्फटिकांच्या रूपात हिमावर उगवतं. उन्हात ते सुंदर चमकतं. त्यावर नवीन हिम पडलं की ही पिसं जागच्या जागी गाडली जातात आणि वरची लादी त्यांच्या नाजूक पायांवर उभी राहते.

आता लादी कशी सुटते ते पाहा. शाळेच्या आवारात ओळीनं लावलेल्या सायकलींपैकी एक पडली की सगळी रांग पडते. तसंच कच्च्या थरातली एखादी जागा माणसाच्या वजनानं खचते, तिथला भार शेजारच्या जागेवर येतो, ती खचते आणि हा तडा लादीखालून पळत सुटतो. कधी कधी या वेळी ‘व्हुम्फ’ असा दबका आवाज येतो. सपाटीवर तो ऐकू आला तरी समजावं, की पायाखाली साखर आहे.

किती उतार?

लादी घसरण्यासाठी उतारही लागतो. बहुतेक लाद्या ३० ते ४५ अंशांच्या उतारावर सुटतात, त्यातही ३८ अंशांच्या आसपास सर्वाधिक. ३० अंशांखाली ओढ कमी पडते. ५०-५५ अंशांच्या वर हिम साचतच नाही, पडतानाच थोडं थोडं घसरून जातं. शाळेच्या जिन्याचा चढ मोजून पाहा. तो बहुधा २५ ते ३५ अंशांच्या दरम्यान भरेल. म्हणजे धोक्याचा उतार कड्यासारखा भयंकर दिसत नाही. तो स्की करायला आवडावा असाच असतो.

भूगोलाच्या तासाला आणखी एक करता येईल. १:५०,००० प्रमाणाच्या नकाशावर १ मिलिमीटर म्हणजे ५० मीटर. दोन समोच्च रेषांमध्ये ४० मीटरचा फरक असेल आणि नकाशावर त्या १ मिलिमीटर अंतरावर असतील, तर ४० भागिले ५० म्हणजे ०.८. स्पर्शकाच्या (टॅन) कोष्टकात पाहिलं तर कोन निघतो सुमारे ३९ अंश. रेषांमधलं अंतर १.४ मिलिमीटर असेल तर ३० अंश. म्हणजे घरी बसून, पट्टी आणि नकाशा घेऊन, कुठल्या उताराखालून जायचं नाही हे बरंचसं ठरवता येतं. एवढं मात्र खरं, की दोन रेषांच्या मध्ये काय दडलं आहे ते नकाशा सांगत नाही. आणि आपण स्वतः सपाटीवर असलो तरी डोक्यावरचा उतार आपल्यापर्यंत येऊ शकतो.

उताराचं तोंड कुठे आहे तेही महत्त्वाचं. वाताभिमुख आणि वातविन्मुख हे शब्द आपण सह्याद्रीच्या पावसासाठी शिकवतो. कोकणाकडची वाताभिमुख बाजू भिजते, पलीकडे पर्जन्यछाया. हिमाच्या बाबतीत मात्र आणखी एक गोष्ट घडते. वारा वाताभिमुख बाजूवर पडलेलं हिम उचलतो आणि धारेपलीकडे, वातविन्मुख बाजूला नेऊन टाकतो. वाटेत स्फटिकांचे तुकडे होतात, ते दाटीनं बसतात आणि घट्ट लादी तयार होते. आकाशातून हिम पडत नसतानाही नुसत्या वाऱ्यानं काही तासांत एखादा उतार भारावलेला असू शकतो. गुलमर्गकडे उतरणारे अफरवटचे उतार बहुतांशी ईशान्येकडे तोंड करून आहेत. विक्षोभाबरोबर वारे नैर्ऋत्येकडून-पश्चिमेकडून आले की ही बाजू वातविन्मुख होते. शिवाय सावलीची असल्यानं तिथलं हिम थंड राहतं आणि कच्चा थर लवकर बरा होत नाही. हे सगळं जुळून आलं, की निळ्या आकाशाखालचा तो गुळगुळीत उतार वेगळाच दिसू लागतो.

खड्डा खणून पाहणं

आतले थर बघायचे तर खणायला हवं. सुरक्षित पण तशाच तोंडाच्या, तशाच उंचीवरच्या छोट्या उतारावर फावड्यानं दीडेक मीटर खोल खड्डा खणतात आणि वरच्या बाजूची भिंत अगदी उभी, सपाट तासून घेतात. त्या भिंतीवर अख्खा हिवाळा लिहिलेला असतो. डिसेंबरचा हिमपात, जानेवारीतली कोरडी थंडी, मधल्या उन्हाच्या दिवशी तयार झालेला बर्फाचा पापुद्रा, कालचं ताजं हिम. खडकांचे थर पाहून भूगर्भशास्त्रज्ञ लाखो वर्षांचा इतिहास सांगतो, तसंच हे, फक्त चार महिन्यांचं.

थर किती घट्ट आहे ते मोजायला कुठलंही यंत्र लागत नाही. भिंतीत मूठ सहज शिरली तर तो थर अगदी मऊ. मूठ शिरत नाही पण चार बोटं शिरतात, तर जरा घट्ट. मग एक बोट, मग पेन्सिल, मग सुरी. जगभरचे हिमतज्ज्ञ हीच पाच पायऱ्यांची मोजपट्टी वापरतात. घट्ट थराच्या खाली एकाएकी मऊ थर लागला, की तिथे थांबायचं. तिथले दाणे काळ्या पत्र्यावर घेऊन भिंगातून पाहायचे. दर दहा सेंटिमीटरवर तापमापी खुपसून तापमान लिहायचं.

यानंतर ठोकून पाहायची परीक्षा. भिंतीतून ३० सेंटिमीटर लांब-रुंद असा खांब मोकळा करतात, त्यावर फावड्याचं पातं आडवं ठेवतात आणि हातानं ठोकतात. दहा ठोके मनगटातून, दहा कोपरातून, दहा खांद्यातून. कितव्या ठोक्याला आणि कुठल्या थरावर खांब तुटला, ते लिहून ठेवतात. २००६ च्या सुमारास रॉन सिमेनहॉइस आणि कार्ल बर्कलँड यांनी यात सुधारणा केली. त्यांचा खांब ३० ऐवजी ९० सेंटिमीटर रुंद असतो आणि ठोके एकाच टोकाला मारतात. का? कारण थर तुटतो का, एवढंच कळून भागत नाही. तडा पळतो का, हे कळायला हवं. एका टोकाला मारलेल्या ठोक्यानं तडा दुसऱ्या टोकापर्यंत गेला, तर तो उतारावरही जाईल असं धरून चालतात.

असं मोजत राहण्याची परंपरा जुनी आहे. स्वित्झर्लंडमध्ये दाव्होसजवळ वाइसफ्लुयोख इथे १९३६ पासून हिमाची रोजची नोंद ठेवली जाते. आपल्याकडे मनालीला १९६९ मध्ये संरक्षण संशोधन आणि विकास संघटनेची (डीआरडीओ) हिम आणि हिमस्खलन अभ्यास संस्था सुरू झाली. २०२० मध्ये ती नव्या नावाच्या, चंडीगडमधून चालणाऱ्या संस्थेत विलीन झाली. हिवाळ्यात तिच्याकडून हिमस्खलनाच्या धोक्याचे इशारे दिले जातात. खड्डा खणण्याआधी असा इशारा वाचणं, ही पहिली पायरी.

एका शितानं भाताची परीक्षा होत नाही

आता खरा मुद्दा. खड्डा खणला, ठोकून पाहिलं, तीस ठोके झाले तरी काहीच तुटलं नाही. म्हणजे उतार सुरक्षित?

शितावरून भाताची परीक्षा, असं आपण म्हणतो. पण ही परीक्षा चालते कशामुळे? पातेल्यातलं पाणी, उष्णता आणि तांदूळ सगळीकडे जवळपास सारखे असतात म्हणून. उतार असा नसतो. कुठे वाऱ्यानं दोन मीटर हिम साचवलेलं असतं, तर वीस पावलांवर एखाद्या खडकाजवळ चाळीसच सेंटिमीटर असतं. आपण जाड जागी खणलं तर पायाचा दाब कच्च्या थरापर्यंत पोचतच नाही. पातळ जागी पाय पडला की पोचतो आणि तिथून सुटलेला तडा जाड लादीखालीही जातो.

म्हणून खड्ड्याच्या दोन उत्तरांचं वजन सारखं नसतं. ‘तुटलं, तडा पळाला’ हे उत्तर भक्कम आहे. एकच पुरे, परत फिरावं. ‘तुटलं नाही’ हे उत्तर दुबळं आहे. ते फक्त ‘इथे नाही तुटलं’ एवढंच सांगतं. हिमावर फिरणारी अनुभवी माणसं खड्ड्याकडे उताराला ‘हो’ म्हणण्याचं कारण शोधत नाहीत, ‘नाही’ म्हणण्याचं शोधतात. आणि खड्ड्यापेक्षाही उघड खुणांना जास्त मानतात. जवळपास आजच झालेलं स्खलन, पावलापासून पळणाऱ्या भेगा, ‘व्हुम्फ’ आवाज, २४ तासांत ३० सेंटिमीटर किंवा जास्त नवं हिम, धारेवरून उडणारं हिम, झपाट्यानं वाढलेलं तापमान. यांतली एक जरी खूण दिसली, तरी खणायची गरज उरत नाही.

मग इतकं ठाऊक असून अपघात का होतात? माणसं मरतात त्या हिमस्खलनांपैकी सुमारे ९० टक्के स्खलनं, ती स्वतः किंवा त्यांच्या सोबतचं कोणीतरी सुरू करतं. अमेरिकेतले इयन मॅकॅमन यांनी तिथल्या ७१५ अपघातांची तपासणी केली. धोक्याच्या खुणा अनेकदा समोर होत्या, त्या ओळखण्याचं शिक्षणही काहींनी घेतलेलं होतं. तरीही माणसं गेली. कारणं आपल्या रोजच्या ओळखीची : जागा सवयीची आहे, पुढे कोणाच्या तरी खुणा दिसतात, इतक्या लांब आलोय तर माघारी कसं जायचं, बरोबरचा अनुभवी माणूस जातोय म्हणजे ठीकच असेल.

यामागे उताराचाही एक दोष आहे. आपण शिक्षक असल्यानं तो आपल्याला चटकन समजेल. उतार हा फार वाईट परीक्षक आहे. विद्यार्थ्याचं उत्तर चुकलं तरी बहुतेक वेळा तो पैकीच्या पैकी गुण देतो. कच्चा थर असलेल्या उतारावरून दहा जण जातात, काहीच होत नाही, कारण कोणाचाच पाय त्या नेमक्या जागी पडलेला नसतो. दहाही जण घरी येऊन सांगतात, ‘आमचा अंदाज बरोबर होता.’ अंदाज बरोबर नव्हता, नशीब बरोबर होतं. पण या दोन्हींची गुणपत्रिका एकसारखीच दिसते. पुढच्या वेळी ते जास्त विश्वासानं जातात. असा अनुभव जितका वाढतो तितकी चूक पक्की होत जाते.

आणि जेव्हा हा परीक्षक नापास करतो, तेव्हा फेरपरीक्षा नसते. स्वित्झर्लंडमधल्या अपघातांच्या अभ्यासातून दिसतं, की गाडल्या गेलेल्यांना पहिल्या दहा मिनिटांत बाहेर काढलं तर दहातले नऊ वाचतात. त्यानंतर अर्ध्या तासापर्यंत काढलेल्यांपैकी जेमतेम तीनातला एक. गावातून मदत यायला याहून जास्त वेळ लागतो. म्हणून प्रत्येकाच्या अंगावर ४५७ किलोहर्ट्‌झवर संकेत पाठवणारं आणि पकडणारं छोटं यंत्र, पाठीवर घडीची लांब सळई आणि फावडं असावं लागतं, आणि उतारावरून एका वेळी एकानंच जावं लागतं. बाकीच्यांनी आडोशाच्या जागेवरून नजर ठेवायची. ही साधनं अपघातानंतरची आहेत. अपघात टाळणारं साधन एकच : दुसरी वाट, तीस अंशांपेक्षा कमी उताराची.

पुन्हा वर्गात

साखरेची फळी आम्ही बाजूला ठेवली तेव्हा मुलांना विचारलं, ‘तिसऱ्या वेळी दहा टिचक्या झाल्या आणि घसरलं नाही. ती फळी सुरक्षित होती का?’ बऱ्याच जणांनी ‘हो’ म्हटलं. मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, ‘पण साखर तर तेवढीच होती ना, बाई?’

वर्ग शांत झाला. मग चर्चा वेगळीच सुरू झाली. हेल्मेट न घालता रोज शहरात जाणारे काका ‘मला कधी काही झालं नाही’ म्हणतात, ते. शाळेजवळच्या ओढ्याला पाणी असताना पलीकडे जाणारी मुलं. विजेच्या पंपाला ओल्या हातानं लावलेला खटका. प्रत्येक ठिकाणी कोणीतरी ‘काही होत नाही’ म्हणालेलं होतं, आणि प्रत्येक ठिकाणी साखर तेवढीच होती.

मुलांपैकी किती जण कधी हिमालयात जातील ते सांगता येत नाही. पण जे जातील त्यांनी तिथल्या वाटाड्याला हे तीन प्रश्न विचारावेत असं आम्हाला वाटतं : आजचा इशारा काय आहे? हा उतार किती अंशांचा आहे? आणि आपण जायचं ठरवतोय ते पुराव्यावरून की कालपर्यंत काही झालं नाही म्हणून? चांगल्या वाटाड्याला या प्रश्नांचा राग येणार नाही.

तुमच्या वर्गात फळीचा प्रयोग करून पाहा. साखरेऐवजी रवा, साबुदाणा, बारीक वाळू असे वेगवेगळे थर वापरा, वरच्या थराची जाडी बदला, आणि दर वेळी किती अंशांवर घसरलं ते लिहून ठेवा. एकाच प्रकारची फळी किमान दहा वेळा तयार करा. आकडे एकसारखे येणार नाहीत. ते खोडून सारखे करू नका. किती वेगवेगळे आले, तेच आम्हाला कळवा.